सुट्टी कुणाची?

बाई, तुम्हाला पत्र लिहावं असं मला आजवर कधी वाटलं नाही. कॉलेज सोडलं तेव्हा नाही, लग्न होऊन इथे शारजात आले तेव्हा नाही, आणि तुम्ही गेल्याचं एका मैत्रिणीच्या पत्रातून चार महिन्यांनी कळलं तेव्हाही नाही. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आज लिहिते आहे ती एका केमिस्टबद्दल. आमच्या बिल्डिंगच्या खाली, किराण्याच्या दुकानाच्या आणि लाँड्रीच्या मधे, त्यांचं औषधांचं दुकान आहे. त्यांच्याबद्दल घरात बोलले तर सगळे म्हणतात, चांगला माणूस आहे खरा, आणि विषय संपतो. मला जे सांगायचं आहे ते तुम्हीच समजू शकाल.

आधी माझं सांगते, थोडक्यात. नऊ वर्षांपूर्वी माझी बोटं सुजायला लागली. संधिवात, तोही जन्मभराचा. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. नळ तळहाताने ढकलून उघडते, आणि फळ्यावर लिहायचा मार्कर मुठीत धरते, लहान मूल पेन्सिल धरतं तसा. हो, तुमच्यासारखी मीही केमिस्ट्रीच शिकवते, इथल्या शाळेत, अकरावी-बारावीला. आजार बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. तो आटोक्यात ठेवणारी एक पिवळी गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून जास्त गेली तर रक्तच तयार व्हायचं थांबतं आणि माणूस दगावू शकतो. माझ्या किडन्या जरा मंद, म्हणून डॉक्टरांनी मला मात्रा मुद्दाम कमी दिलेली. बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिडची गोळी. तीही पिवळी, तीही एवढीशीच.

आता केमिस्ट. केरळचे आहेत, पन्नाशी ओलांडलेले, बोलणं हळू, हिंदी मोडकं. पहिली काही वर्षं मी त्यांना दुकानदार समजत होते. प्रिस्क्रिप्शन द्यायचं, पिशवी घ्यायची, निघायचं. पण त्यांच्या दुकानात उभं राहावं लागतं, कारण ते प्रत्येकाला प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत औषधावरचा हात उचलत नाहीत. एकदा माझ्या पुढे एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याला डायबेटिसची गोळी सकाळी नाश्त्याआधी घ्यायची होती. केमिस्ट त्याला विचारतात, "तुम्हारा सुबह कितने बजे होता है?" तो म्हणतो, संध्याकाळी पाचला, रात्रभर गाडी चालवतो, दिवसा झोपतो. मग ते डबीवर पेनाने चपाती काढतात, तिच्या अलीकडे एक टिंब काढतात आणि म्हणतात, "उठा, गोली खाया, फिर रोटी. सूरज को मत देखो." ड्रायव्हर हसतो. मी मागे उभी राहून घड्याळ बघते आहे आणि मनात म्हणते आहे, किती वेळ लावतो हा माणूस! रमजानात तर विचारूच नका. कोण कधी जेवतो, कधी पाणी पितो, हे प्रत्येकाला विचारून ते एकेकाची गोळी हलवून देत, आणि रांग थेट लाँड्रीपर्यंत जाई.

तुम्हीही असाच वेळ लावायचात, बाई. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आठवतं? टायट्रेशनमधली माझी तिन्ही रीडिंग्ज अगदी सारखी आली होती, बारा पूर्णांक चार, बारा पूर्णांक चार, बारा पूर्णांक चार. मी ऐटीत जर्नल पुढे केलं. तुम्ही जर्नलकडे पाहिलंच नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. "तिसरं वाचलंस की आठवलंस?" तुम्ही ब्युरेटची तोटी सोडून सगळं द्रावण सिंकमध्ये जाऊ दिलंत आणि म्हणालात, "पुन्हा." त्या दिवशी मी पावणेसहाची एसटी चुकवली आणि स्टँडवर बसून तुमच्या नावाने रडले. तोवर मला सगळे हुशारच म्हणत आले होते.

आणखी एक दिवस आठवतो, तुमच्या स्वयंपाकघरातला. मी जर्नलं घेऊन आले होते. तुमच्या फळीवर सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावलेल्या, मीठ, साखर, पापडखार. मी आगाऊपणे विचारलं, "बाई, तुम्ही एकट्याच राहता. मग चिठ्ठ्या कुणासाठी?" तुम्ही पोहे परतत होतात. म्हणालात, "माझ्यासाठी. दुसऱ्याला शंका येते, तो विचारतो. मला माझ्या घरात शंका येत नाही. म्हणून." मी ते लक्षात ठेवलं. लग्नानंतर डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, शाळेत मुलांना लावायला लावल्या, आणि त्या पिवळ्या गोळीसाठी वेगळी पत्र्याची डबी केली, तिलाही लावली. माझ्या हाताने, ठळक अक्षरात लिहिलं: सुट्टी.

कारण तेव्हा सुट्टी म्हणजे शुक्रवार. इथे साऱ्या देशाची सुट्टी शुक्रवारी असायची, आमच्या घरात कुणी शुक्रवार म्हणतही नसे. ती गोळी घेतली की दिवसभर मळमळतं, म्हणून ती सुट्टीला. पट्टीतून गोळ्या काढायला माझी बोटं चालत नाहीत, म्हणून रोज सकाळी माझे यजमान गोळ्या काढून वाटीत ठेवतात. रोज फॉलिक ॲसिड, सुट्टीला त्याऐवजी डबीतली. चहाबरोबर वाटी तोंडात रिकामी करायची. इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं.

मग सरकारने सुट्टी हलवली. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस. माझ्या शाळेलाही तीच. यजमानांचं ऑफिस दुबईत, त्यांना शनिवार-रविवार. शुक्रवारी ते ट्रॅफिक टाळायला सहालाच बाहेर पडू लागले. जाताना वाटीत रोजची गोळी ठेवत, कारण त्यांचा तो कामाचा दिवस. मी उठे, मला सुट्टी, म्हणून कात्रीने पट्टी कापून डबीतली गोळी स्वतः घेई. शनिवार-रविवारातली त्यांची खरी सुट्टी म्हणजे रविवार. ते डबीतली गोळी वाटीत ठेवत. पिवळी, एवढीशी. मी पाहिलं नाही. वाटीत काय आहे हे मला ठाऊक होतं ना!

पाच आठवडे.

सहाव्या आठवड्यात मी नवी पट्टी आणायला खाली गेले. तोंड आलं होतं, तेव्हा त्यासाठीही काही द्या म्हटलं. केमिस्टनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, वो स्ट्रिप दस हफ्ते का था."

"फिर?"

"अभी पांच हफ्ता हुआ. पांच गोली किधर गया?"

"गिर गई होंगी. मैं क्या गोलियां बेचती हूं? पच्चीस साल से केमिस्ट्री पढ़ाती हूं."

"मालूम है, मॅडम. मेरा बेटा आपके क्लास में था. घर आके रोता था."

मागची रांग हसली. कुणीतरी घाई करत म्हणालं, "यल्ला भाई, खलास करो." त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मुंह में क्या हुआ? दिखाओ."

माझा पारा चढला. भर दुकानात मी तोंड उघडून दाखवू? "तुम डॉक्टर हो?"

"डॉक्टर होता तो बता देता, मॅडम. डॉक्टर नहीं है, इसलिए पूछ रहा है."

मग त्यांनी विचारलं, घरी गोळी कोण काढून देतं? मी म्हटलं, हमारे मिस्टर. कधी? मी म्हटलं, "छुट्टी के दिन, और कब? डबी पे लिखा है मैंने." आणि ते माझ्याकडे बघत, आवाज जराही न चढवता म्हणाले,

"किसका छुट्टी?"

फ्लास्कमध्ये एकच थेंब जास्त पडतो आणि पाहता पाहता सगळं गुलाबी होतं, तसं झालं. शुक्रवारची कात्री, रविवारची वाटी, सगळं एका क्षणात दिसलं. मी काउंटर धरला. त्यांनी आतून स्टूल आणून मला बसवलं. गोळ्या दिल्या नाहीत, तोंडाचं औषधही दिलं नाही. हॉस्पिटलला स्वतः फोन लावला, एका कागदावर तारखा आणि गोळ्यांचा हिशेब लिहून दिला आणि म्हणाले, "आज जाना. कल नहीं." मग पुढच्या माणसाकडे वळले आणि त्याच हळू आवाजात त्यालाही काहीतरी विचारू लागले.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन आठवडे असंच चाललं असतं तर साध्या सर्दीनेही गेला असतात. यजमान गाडीत बसून राहिले, किल्ली लावेनात. "मी तुला विष घालत होतो," म्हणाले. मी म्हटलं, "नाटकं करू नका. दोघांनी मिळून घातलं. चला, मागचा हॉर्न वाजवतोय." घरी आल्यावर मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती इथेच वाढली, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. "आई, हू यूजेस सुट्टी ॲज अ डे ऑफ द वीक?" मी तिला झापणार होते, पण झापायला काही सापडलं नाही.

गोळी बंद केली. मग तीन आठवडे नुसती वाट. एकीकडे पेशी वर येतात का ते बघायचं, दुसरीकडे बोटं परत सुजायला लागलेली. पेशी आल्या नसत्या तर ती गोळी मला कायमची बंद होणार होती, आणि दुसरं कोणतं औषध मला चालेल की नाही हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. त्या दिवसांत मला भीती वाटायची ती मरणाची नाही. एक दिवस सकाळी मूठ वळणारच नाही आणि मार्कर हातातून सुटेल, पहिल्या बाकावरची मुलगी तो उचलून देईल, याची. मी कुणाला सांगितलं नाही. दुकानावरून जाताना केमिस्ट काचेआडून मान वर करून बघत. मी बोट आडवं हलवायची, अजून नाही. ते मान खाली घालून कामाला लागत.

चौथ्या आठवड्यात पेशी जागेवर आल्या. गोळी परत सुरू झाली, आणखी कमी मात्रेत. मी प्रिस्क्रिप्शन घेऊन गेले. त्यांनी डबीवर मोठ्या अक्षरात वार छापून चिकटवला आणि डबी हातातच धरून ठेवली.

"कौन सा दिन, मॅडम?"

"लिखा तो है."

"आप बोलो."

मागे सहा माणसं. "फ्रायडे," मी म्हटलं.

"बाकी दिन?"

"नहीं."

"मिस्टर को भी यही मालूम है?"

"मालूम है."

मग डबी दिली. तेव्हापासून दर महिन्याला हे होतं, एकदाही चुकलेलं नाही. मला ते इतकी वर्षं ओळखतात, माझा वार त्यांना पाठ आहे, तरीही पहिल्यांदा पाहावं तसं कागद वाचून मलाच विचारतात. वर्गात मी विचारते आणि मुलं उभी राहतात, इथे मी उभी असते. एवढ्याशा दुकानात, दिवसाला शंभरेक माणसं, त्यातला कुणी मल्याळी, कुणी पठाण, कुणी फिलिपिनो, आणि हा माणूस त्यातल्या प्रत्येकाच्या घरातली सकाळ किती वाजता होते हे विचारत बसतो. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, बाई. त्यांना उत्तरं येतात. एखाद्याच्या साध्या बोलण्यातला एकच शब्द उचलून तो उलटा करून पाहावा, हे मी आयुष्यात दोघांकडेच पाहिलं, आणि दोन्ही वेळा मी आधी चिडले.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. तुमचा पत्ता नाही, आणि केमिस्टना मराठी येत नाही. त्यांचे आभारही मी अजून मानलेले नाहीत. ठरवून जाते, आणि "फ्रायडे" एवढंच बोलून परत येते. गेल्या वर्षापासून हॉस्पिटलने महिन्याची औषधं घरपोच द्यायची सोय केली आहे. फोनवर दोन ठिकाणी बोट टेकवलं की दारात डबा. मुलीने माझ्या फोनवर ते ॲप घालूनही दिलं आहे. लिफ्ट बंद असली की मी जिन्याने दुखऱ्या गुडघ्यांनी खाली उतरते, तेव्हा यजमान कुरकुर करतात. त्यांना मी सांगितलं आहे की ते ॲप माझ्या फोनवर चालत नाही.

चालतं, बाई. उत्तम चालतं.