अलूफ

सिस्टर, आज शब्दकोशात तुमचा शब्द शोधला. अलूफ. सगळी नोकरी मुलींना इंग्रजी शिकवण्यात गेली, पण या एका शब्दाचं मूळ कधी पाहिलं नाही. त्याच्यावर रागच होता. हा म्हणे खलाशांचा हुकूम. वारा जहाजाला किनाऱ्याकडे ढकलू लागला की कप्तान ओरडायचा, नाक वाऱ्याकडे ठेवा, लांब राहा. नाहीतर खडकांवर आपटून फुटायचं. तुम्ही तर बोटीनं या देशात आलात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?

वसतिगृहाची कॅप्टन निवडायची होती. वर्गात पहिली मी. फुलसावंगीहून आई भेटायला आलेली, तिच्यासमोरच तुम्ही म्हणालात, ही नको, ही अलूफ आहे. आई मला विचारते, "काय म्हनून राह्यली वं ते?" मी सांगते, "म्हणते, मी कोणात मिसळत नाही." "मंग? मिसळाले तू काय मीठ हायेस?" आणि आई एवढ्या मोठ्यानं हसते की तुम्ही दचकता. मला मात्र रडू येत होतं. माझ्या तोंडून 'मले, तुले' निघालं की नागपूरच्या मुली जेवताना नक्कल करायच्या, म्हणून मी टोकाला बसून गप्प जेवायची. तुम्ही जहाजाला नावं ठेवलीत, सिस्टर. खडकांना एक शब्द बोलला नाहीत. उलट त्यांतल्याच एकीला कॅप्टन केलंत!

पुढे शिक्षकांच्या खोलीतही तोच शब्द माझ्या पाठीमागे कुजबुजला गेला. आता घरात कुजबुजायलाही कोणी नाही. शब्दाचं मूळ सापडलं ते कोणाला वाचून दाखवू? तुम्ही तर केव्हाच मिशनच्या दफनभूमीत जाऊन पडलात.

नाताळची सुट्टी आठवते? सगळ्या घरी गेल्या होत्या, गावाकडे जाणारी महागावची मोटर चुकली म्हणून मी एक रात्र राहिले. संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण दोघीच. तुम्ही माझ्या ताटलीत केकचा तुकडा ठेवता, तुमच्या गावच्या समुद्राचं काही सांगू लागता आणि मध्येच थांबून चुलीकडे बघत राहता. "जाऊ दे, इथे कोणाला सांगायचं," असं तुमच्या मोडक्या मराठीत म्हणता. "मले सांगा," माझ्या तोंडून निघून जातं. तुम्ही हसला नाहीत. सांगत राहिलात, चहा निवून गेला तरी.

मोटर चुकली नव्हती, सिस्टर. फाटकासमोर आली, माझ्यासाठी हळूही झाली. मीच हात दाखवला नाही.