पाचही बाटल्या हिरव्या

४ फेब्रुवारी
पुन्हा पिवळट! पाचही बाटल्या. ताई अंथरुणाला खिळल्यापासून तिचं शेवाळ माझ्या गळ्यात, आणि तेही तोंड पाडून बसलेलं. मी प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी, पाणी बदलणारी. मला काय कळतंय त्यातलं?
प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "मरू देऊ नका हं, दुसरं नाही आपल्याकडे." जसं काही मी मुद्दाम मारणार आहे!

९ फेब्रुवारी
ताईनं आज परत सगळं पढवलं. उशीला टेकून, दर वाक्याला धाप. या शेवाळात तिनं एक जीन घातलाय, त्यामुळे ते माशाच्या तेलासारखं तेल बनवतं. म्हणजे तळ्यातल्या माशांच्या खाद्यासाठी समुद्रातले छोटे मासे दळायला नकोत. सात वर्षं घातली तिनं यात. लग्न नाही, सुट्टी नाही, केससुद्धा कधी धड विंचरले नाहीत. आता विंचरायला उरलेत कुठे.
"आणि बाटलीत औषध घालायला विसरू नकोस, धांदरटे!" जीन असलेल्या पेशी त्या औषधात तगतात, नसलेल्या मरतात. एवढं मलाही कळतं.

१२ फेब्रुवारी
ताईचं केमोचं तिसरं इंजेक्शन. दिवसभर ओकत होती. आई पाठ चोळत राहिली. मी भांडं धरलं.

१३ फेब्रुवारी
आज बाटल्यांत औषध घातलं नाही. विसरले नाही — हातच पुढे होईना. कालचं बघून कुणाला काही पाजायची इच्छाच उरली नाही. घ्या म्हटलं एक दिवस सुट्टी, बाबांनो!

२० फेब्रुवारी
हिरवं! आठवड्यात! सुट्टी मी वाढवत गेले, आणि पाचही बाटल्या कशा टवटवीत झाल्यात. फोटो काढून ताईला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "छान दिसतंय," म्हणाली. औषधाचं मी काही बोलले नाही.

५ मार्च
चौथं. तिला उठून बसवेना.

११ मार्च
मॅडम खूश. तेल तपासायला पाठवलं. पास झालं तर माशांवर चाचणी, ताईच्या नावानं!

२० मार्च
तेल नाही. थेंबभरसुद्धा नाही.
मॅडमनी एकच विचारलं, "औषध घालत होता ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग हळूहळू समजावलं — तेल बनवण्यात ताकद जाते, म्हणून ते शेवाळ रोडावलेलंच असायचं. औषध थांबल्यावर ज्या पेशींनी जीन गमावला त्या भराभर वाढल्या, बाकीच्या मागे पडून संपल्या. आता पाचही बाटल्यांत साधं डबक्यातलं शेवाळ आहे.
सात वर्षं! माझ्या लाडापायी गेली.

२१ मार्च
ताईनं विचारलं, "तेल आलं?"
"आलं."
"भरपूर?"
"भरपूर."
मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

२४ मार्च
सांगून टाकलं. पोटात राहीना.
ताई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "माहीत होतं. फोटोतच कळलं. माझं शेवाळ इतकं हिरवं कधीच नव्हतं."
"मग तेव्हाच का नाही बोललीस? वाचवता आलं असतं!"
"आलं असतं."
एवढंच! मी ओरडले तिच्यावर, आजारी माणसावर. आई धावत आली. ताई म्हणाली, "पहिल्यांदाच ते खुशीत दिसलं गं. मोडवेना."
मला तिचा राग आला. अजून आहे.

२६ मार्च
आज पाचव्या इंजेक्शनचा दिवस. ताईनं स्वतः डॉक्टरांना फोन केला — नको, आता पुढचं एकही नको. ते म्हणाले, मग दोन-तीन महिने. "चालेल," म्हणाली. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तू तरी समजाव म्हणून.
मी नाही समजावलं.