उत्तराचा सरवा

कल्याण, कार्तिक वद्य ११, शके १८०२

चिरंजीव गुरुदत्त यास दादाचे आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहितो.

प्रथम तक्रार. ठाण्याहून तू पाठविलेली तपकीर यथाविधी ओढली. शिंक आली नाही. कारण हजर आणि कार्य गैरहजर, असा प्रसंग न्यायशास्त्रात माझ्या पाहण्यात नाही. दुकानदारास कळव, की कल्याणचा एक शास्त्री त्याच्याशी वादास बसू इच्छितो.

पाद्रीसाहेबांना मराठी शिकविणे चालूच आहे. सध्या त्यांच्या धर्मातले पुरातन कापणीचे प्रकरण मराठीत उतरवीत आहोत. त्या देशी गहू, सातू कापताना शेताचे कोपरे तसेच राखीत. मुठीतून गळलेली लोंबी मालकाने परत उचलायची नाही. ती विधवेची, पोरक्याची, परक्याची. मी म्हटले, "साहेब, यात नवल ते काय? आमचे ऋषी वेचलेल्या दाण्यांवरच राहत. ते तप."

साहेब म्हणाले, "शास्त्रीबुवा, ऋषींना दुसरे काही खायला मिळत होते काय?"

उत्तर अजून पोथ्यांत शोधतो आहे.

शब्द नेमके बसावेत म्हणून साहेबांना तळ्यापलीकडे चंदूच्या भातशेतात नेले. कापणाऱ्यांच्या मागे काही बाया वाकून लोंब्या वेचीत होत्या. एकीच्या अंगावर विधवेचे आलवण होते. साहेबांनी विचारले, "या कामास काय म्हणता?" म्हटले, "सरवा वेचणे." शब्द सांगितला. ती माझी बहीण, हे सांगितले नाही.

होय, आपली उत्तरा. भाद्रपदात यजमान गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि दिवाळीपासून वेगळी चूल मांडून मूठभर शिजवते. मला वाटले, सोवळे. चारचौघांत मी तिच्या निष्ठेचे कौतुकही केले.

चंदूची मंजुळा मला बाजूला घेऊन म्हणाली, "शास्त्रीबुवा, मी मुद्दाम तिच्या पुढ्यात लोंब्या पाडते. ती नेमक्या तेवढ्याच सोडून पुढं जाते. आता काय करू, तुम्हीच सांगा."

घरी आल्यावर विचारले. उत्तरा उखळाशी होती. मुसळ न थांबवता म्हणाली, "दादा, रागावून नाही रे. दिवाळीला आला तेव्हा गुरुदत्त जेवताना म्हणाला ना, दादाकडे पान एक वाढलं. खरंच वाढलं. तेवढं मी आणते."

तू थट्टेत बोललास हे मला ठाऊक आहे, तिलाही आहे. तुझी वहिनी तिच्यापुढे ताट ठेवून रडली. ताट तसेच राहिले.

तिला तुझ्याखेरीज कोणी समजावू शकेल असे वाटत नाही. रजा मिळेल तेव्हा ये, असे नेहमी लिहितो. या वेळी रजा काढून ये आणि तिच्या शेजारी जेवायला बस.

चंदूचे शेवटचे खाचर या आठवड्यात कापून होईल. नंतर वेचायला काही उरणार नाही. गुरुदत्ता, त्यानंतर ती काय खाईल, ही मला काळजी आहे.

तुझा,
दादा