गोटीचा गुडघा

मंगळवार, १४ जून

नमस्कार,

मायन्यात तुम्हाला काय म्हणावं, सुचेना. घटस्फोटानंतर सवत हा शब्दही लागू पडत नाही. तेव्हा नुसताच नमस्कार. तुम्ही आणि गोटीचे बाबा मजेत असाल.

गोटीचा गुडघा बरा आहे. तुमच्याकडे ती सायकलवरून पडली तेव्हा तुम्ही जखम नीट धुतलीत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र.

तेव्हापासून घरात तुमच्या नावाची एकच टकळी चालू आहे. "आई, मावशी म्हणते, खपलीखाली कडेच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. मग सरकत सरकत मधे येतात आणि एकमेकींना भिडल्या की थांबतात." तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, मी शिलाई मशीनवर बसते. मी म्हटलं, "म्हणजे रफू." तर म्हणते, "नाही गं, रफूला बाहेरचा दोरा लागतो. तुला नाही कळायचं, मावशीला विचार."

उठता-बसता मावशी. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

बरा आहे म्हटलं, पण तसा पुरता नाही. रविवारी ती तुमच्याकडे यायची नाही. पट्टी बदलताना खपली निघाली, रक्त आलं.

निघाली नाही, मी काढली. पट्टी चिकटली होती. कोमट पाण्यानं भिजवून सोडवायची, एवढं मलाही कळतं. पण ती म्हणाली, "मावशीसारखी फुंकर घाल ना," आणि मी खसकन ओढली. खाली कोवळी गुलाबी कातडी धरली होती, तीही सोलली गेली.

ती कळवळली. मग माझ्या तोंडाकडे बघून, हुंदके गिळत म्हणाली, "आई, तू रडू नकोस. त्या पेशी परत पहिल्यापासून सुरू करतील." तिला वाटलं, चुकून झालं.

आज कडेनं पुन्हा गुलाबी दिसतंय. रविवारी तुम्हीच या. पट्टी तुम्ही बदला, मी शेजारी बसेन.

एक मात्र तिच्यादेखत विचारता यायचं नाही, म्हणून लिहिते. पडली तेव्हा तिनं हाक कुणाला मारली? 'आई गं' सगळेच म्हणतात, ते धरू नका. त्यानंतर कुणाला?

खरं तेच सांगा.

गोटीची आई