शुक्रवारची मिठी

प्रिय बिट्टीची आई,

समोरासमोर मी तुला ‘तुम्ही’ म्हणते. मनात मात्र पहिल्यापासून ‘तू’च म्हणत आले आहे, आणि खोटं कशाला बोलू, ते काही प्रेमाने नव्हे. आज पत्रातही ‘तू’च लिहितेय, कारण ‘तुम्ही’ लिहायला घेतलं की माझं सगळं गोड गोड व्हायला लागतं. बिट्टीच्या बाबाला हे पत्र दाखवलेलं नाही. तो म्हणेल, सरळ फोन कर की. तुला त्याचा स्वभाव माझ्याआधीपासून ठाऊक आहे. दुसऱ्याने बोलायचं असलं की त्याला सगळं सोपं वाटतं, आणि स्वतः बोलायची वेळ आली की नेमका तेव्हाच गळका नळ आठवतो.

तर, मला तुझा हेवा वाटतो. त्याच्यावरून नाही. मी यायच्या आधीच तुम्ही वेगळे झाला होतात, तो विषय मिटलेला आहे. हेवा वाटतो तो बिट्टीवरून. तिने मला मावशी म्हणायचं असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. मावशी म्हणजे आईची बहीण. आपण दोघी शेजारी उभ्या राहिलो तर परका माणूससुद्धा मधून वाट काढून जाईल, इतकं अंतर ठेवून उभ्या राहतो, बहिणी कसल्या! पण शब्द मला आवडला, कारण त्यात ‘आई’ कुठेतरी लपलेली आहे असं मला उगाच वाटायचं.

शुक्रवारी ती आमच्याकडे यायची ती हसतखेळत, आणि शनिवार उजाडेपर्यंत डोळे सुजलेले, नाक वाहतंय, हातांवर गांधी, छातीत घरघर. रविवारी तुझ्याकडे परत गेली की दोन दिवसांत ठणठणीत. याचा अर्थ लोकांनी काय काढला, तुला माहीत नसेल. माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोरीचं मन लागत नाही इथे, शरीर बोलतंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर थेट विचारलं, तुम्ही ओरडता का हो तिला? मी गालिचे काढून टाकले, पडदे धुतले, उशा बदलल्या, अभ्रे उकळले. बिट्टी शिंकतच राहिली. मग मलाही वाटायला लागलं की हिला मीच सहन होत नाही. तुझ्या घरात ती मोकळा श्वास घेते आणि माझ्या घरात घेत नाही, यापेक्षा मोठी हार कोणती असते?

तू मोठ्या इस्पितळात नंबर लावला होतास, तो कधी लागणार याचा पत्ता नव्हता. आमचे नेहमीचे डॉक्टर दर वेळी सर्दीचं औषध देऊन म्हणायचे, वयानुसार जाईल. शेवटी डॉक्टर सापडल्या त्या माझ्याच कामाच्या ठिकाणावरून. तुला माझ्या कामाला नाक मुरडावंसं वाटतं हे मला दिसतं, म्हणून मुद्दाम सांगते. जनावरांच्या दवाखान्यात मी मांजरा-कुत्र्यांना आंघोळ घालते, गुंता झालेले केस कापते, नखं काढते. आमचे डॉक्टर एका कुत्र्याला कशाची खाज येते ते तपासत होते, तेव्हा मी सहज म्हटलं, असं माणसाचं कुणी शोधून देतं का? ते म्हणाले, अहो, पलीकडच्याच रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर, ॲलर्जीच्या डॉक्टरबाई बसतात की. रोज मी त्या दुकानाच्या काचेत केस ठीक करून कामावर जात होते. मान वर करून पाटी कधी वाचली नव्हती.

तपासणीच्या दिवशी तू आलीस. यायलाच हवं होतंस, तरी तू येऊ नयेस असं मला वाटत होतं. डॉक्टरबाईंनी बिट्टीच्या हातावर पेनाने खुणा केल्या, एकेका खुणेवर एकेक थेंब टाकला आणि त्यावर बारीक टोचलं. टोचताना बिट्टीने तुझा हात धरला. माझ्या हातात तुम्हा दोघींचे कोट होते. ते मी असे घट्ट धरून बसले होते की जणू कुणी पळवणार होतं. मग वाट बघायची. धूळ, परागकण, बुरशी, कुठेच काही उठलं नाही, आणि एका खुणेवर डास चावल्यासारखी मोठी गांध आली. मांजर.

घरात मांजर आहे का, असं त्यांनी विचारलं. आपण दोघींनी एका सुरात नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं एकमत झालं होतं! मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही काम काय करता? मांजर घरात यायचीही गरज नसते, त्यांनी समजावलं. तिची लाळ आणि कातडीची बारीक पूड कपड्यांना, केसांना चिकटून घरभर पोहोचते. मला पुढचं ऐकूच आलं नाही. दर शुक्रवारी मी कामावरून धावत यायची, कपडेही न बदलता दारात उभी राहायची, कारण तिला पहिली मिठी माझी हवी होती. आणि ती घरघरायला लागली की मी काय करायची? तिला मांडीवर घेऊन माझ्या त्या तपकिरी स्वेटरात गुंडाळायची. तो कामावरचाच.

तू तेव्हा म्हणालीस, “म्हणजे ती तुमच्या जवळ आली की आजारी पडते.”

दुष्टपणाने नाही म्हणालीस. कोडं सुटावं तशी म्हणालीस, म्हणूनच ते जास्त लागलं. तू डॉक्टरबाईंनी दिलेला श्वासाचा पंप पिशवीत टाकलास आणि बिट्टीच्या कोटाची बटणं लावलीस. माझ्यासाठी काही उरलंच नाही.

त्यानंतर मी सगळं पाळलं. कामाचे कपडे दाराशीच पिशवीत बांधून ठेवायचे, आधी डोक्यावरून आंघोळ, मगच पोरीजवळ जायचं. पहिल्या शुक्रवारी ती दारात हात पसरून उभी राहिली आणि मी, उशीर झाल्यामुळे अजून आंघोळ न झालेली, मागे सरकले. थांब, थांब, हात लावू नको, असं म्हणाले. तिचा चेहरा तू पाहायला नव्हतीस. बरं झालं नव्हतीस.

आणि मग गंमत झाली. ती आमच्याकडे यायची तीच चोंदलेलं नाक घेऊन, आणि रविवारी मोकळी होऊन जायची. मला काय झालं सांगू? आनंद झाला. आता तुझ्या घरात शिंका, माझ्या घरात नाहीत. मी भाजी चिरताना चक्क गुणगुणत होते. आजारी मुलीच्या नाकावरून आनंद मानणारी बाई, अशी मी आहे.

परवा तू तिच्या बाबाला फोन केलास. म्हणालीस, तुमच्याच घरातून काहीतरी येतंय, या शुक्रवारपासून बिट्टीला पाठवत नाही. तो नेहमीसारखा हो-हो म्हणाला. आणि काल बिट्टीने तुझ्या फोनवरून मला फोन केला. तू आंघोळीला गेली होतीस म्हणे. ती कुजबुजत होती.

“मावशी, तुझा स्वेटर माझ्याकडे आहे. दाराजवळच्या पिशवीतून घेतला. उशीच्या अभ्र्यात लपवलाय. तू आता जवळ घेत नाहीस ना, म्हणून. आईला सांगू नको.”

नाही सांगणार, असं मी तिला म्हटलं. तुझ्या घरात, तुझ्या हाताने घातलेल्या बिछान्यावर, ती माझा स्वेटर घेऊन झोपते. हे मला जन्मभर पुरेल असं वाटलं, आणि तेवढ्यात आठवलं की त्यानेच तिची छाती भरून येतेय.

म्हणून हे पत्र. तिच्या उशीच्या अभ्र्यात बघ, तिथेच असेल. तिला विचारू नकोस आणि मी सांगितलं हेही कळू देऊ नकोस, नाहीतर ती माझ्याशी पुन्हा कधी कुजबुजणार नाही. शाळेत गेली की काढ, चांगल्या गरम पाण्यात दोन-तीनदा धू, उशी-चादरही धू, वाळव, आणि स्वेटर होता तिथेच ठेवून दे. त्याला तुझ्या साबणाचा वास येईल. मला ते आवडणार नाही, पण चालवून घेईन. लोकरीचा आहे, गरम पाण्यात आटेल. आटू दे. तिच्या मापाचा होईल.

आणि नाक मोकळं झालं, की शुक्रवारी तिला पाठव. मी केस धुऊन उभी असेन.

तुझीच, ठरवून दिलेली बहीण,
बिट्टीची मावशी