अळंबीचा पहिला घास

आप्पा, तुम्हाला अळंबी ओळखता येत नव्हती. हे तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं. आधी मला तुमची भीती वाटायची. नंतर तुम्ही अंथरुणाला खिळलात, आणि आजारी माणसाला असं बोलणं बरं दिसलं नसतं. तुम्हाला जाऊन आता चोवीस वर्षं झाली. बरं दिसण्याचा प्रश्न उरलेला नाही.

गावात तुमचं नाव होतं. देवळाली प्रवराच्या उसातून बदली होऊन अकोले तालुक्याच्या डोंगरात आलेले मास्तर, पण गुरुजींना रानातली अळंबी बरोबर कळते, असं लोक म्हणायचे, आणि तुम्ही ते म्हणू द्यायचात. श्रावणातल्या रविवारी सकाळी आपण निघायचो. तुमच्या हातात छत्री, खिशात वही. माझ्या हातात टोपली. अळंबीकडे बोट दाखवायचं नाही, दाखवलं की त्या जागी पुन्हा उगवत नाही, हे तुम्ही गावातल्याच लोकांकडून ऐकलेलं होतं, पण नियम स्वतः केल्यासारखा पाळायला लावायचात. एकदा वारुळावर पांढरी टोकदार डोकी दिसली आणि माझं बोट आपोआप वर गेलं. तुम्ही छत्रीची मूठ माझ्या बोटांवर मारलीत. मग त्याच छत्रीच्या टोकानं ती जागा मला दाखवलीत. मी सात वर्षांची होते. छत्रीनं दाखवलेलं कसं चालतं, हे मी विचारलं नाही.

ती वही मी दहावी झाल्यावर तुम्ही मला बक्षीस दिलीत. अजून आहे माझ्याकडे. चित्रं सुरेख आहेत, पेन्सिलीचा हात हलका आहे, खाली वळणदार अक्षरात ठिकाण आणि महिना. पण प्रत्येक अळंबी वरून किंवा बाजूनं काढलेली आहे. एकाही पानावर तिची खालची बाजू नाही. इतकी वर्षं रानात हिंडलात आणि एकही उपटून उलटी करून पाहिली नाहीत.

ते काम आईचं होतं. तिचं माहेर तिथून दोन डोंगर पलीकडे. टोपली घरात आली की ती चुलीपुढे बसते, एकेक अळंबी सुपात उलटी मांडते, छत्रीखालच्या बारीक चुण्या बोटानं फाकवून बघते, देठ खालपर्यंत चाचपते. वारुळाच्या अळंबीला लांब मुळी असते, खोल मातीत गेलेली. जी तिला पटत नाही ती न बोलता चुलीतल्या राखेत जाते. तुम्ही ओसरीवर बसून वहीत नोंद करत असता. टोपलीभर आणलेली अळंबी पातेल्यात अर्धीच कशी होते, असं मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. ‘शिजली की आटते,’ तुम्ही म्हणालात. आत आई हसली. तिचं हसू मी फार वेळा ऐकलेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग जेवण. एरवी आपल्या घरात आधी तुम्ही जेवायचात, मग मी, आणि शेवटी आई, उरेल त्यात. फक्त अळंबीच्या दिवशी उलट असायचं. पहिलं ताट आईचं. ती गरम भाकरीशी गरम कालवण खायची आणि तुम्ही समोर बसायचात, मनगटावरचं घड्याळ काढून पाटाशेजारी ठेवून. एक तास. तास झाला की ती म्हणायची, ‘न्हाई झालं काय. जेवा आता.’ मग तुम्ही ताट ओढायचात. मला वाटायचं, हा आईचा मान आहे. पोळ्याला बैलाचा असतो तसा, वर्षातून दोन-चार दिवस. मला तिचा हेवा वाटायचा.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा तुम्ही केंद्रप्रमुखांना जेवायला बोलावलंत. खरी अळंबी काय असते ते दाखवतो म्हणालात. त्या आठवड्यात पाऊस ओढला होता. तीन वारुळं पाहिली, तिन्ही कोरडी. परत येताना गायरानातल्या गवतात मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या आणि तुम्ही टोपली भरलीत. आईनं सुपात पहिली उलटी केली, दुसरी केली, मग हात थांबवला.

‘ही वारुळाची न्हाई,’ ती म्हणाली. ‘मुळी न्हाई हिला. आन् देठाला कडं हाय.’

‘मुळी मातीत राहिली. तू शिजव.’

‘गवतातली हाय ही.’

‘मला शिकवू नकोस. माणसं येऊन बसलीत.’

त्या दिवशी तिला निवडता आलं नाही, कारण सगळ्या सारख्याच होत्या. सगळ्या राखेत टाकल्या असत्या तर पातेलं रिकामं राहिलं असतं. तिनं शिजवलं. ताट वाढलं. मी मध्येच म्हणाले, आज मी आधी खाणार. तुम्ही घड्याळ काढत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘खाऊ दे की तिला.’

आईनं माझ्या तोंडात मारली. आयुष्यात एकदाच. मग ताट ओढून खाली बसली आणि खाल्लं. तास झाला. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. ती म्हणाली, ‘आजून थांबा जरा.’ आणि उठून मागच्या दारी गेली. तिला ओकताना मी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. ती गप्प बसली असती तर तुम्हीही जेवला असतात. ओसरीवर जाऊन तुम्ही सांगितलंत की हिला पित्ताचा त्रास आहे. पाहुण्यांसाठी पिठलं तिनंच केलं, मध्ये दोनदा बाहेर जाऊन. त्यानंतर तीन दिवस ती उठू शकत नव्हती. तुम्ही तिला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं नाहीत, कारण जीपमध्ये लोकांनी विचारलं असतं.

मला इतकंच विचारायचं आहे. तुम्हाला अळंबी ओळखता येत होती, तर आई आधी का जेवायची? आणि येत नव्हती, तर टोपली घरात का आणायचात? मी दोन्हीकडून विचार करून पाहिला आहे. तुमच्या बाजूनं जाणारा रस्ता मला सापडत नाही. ‘खाऊ दे की तिला’ हे तुम्ही बेसावधपणे म्हणालात, असं मी बरीच वर्षं धरून चालले. पण तेव्हा घड्याळ तुमच्या हातात होतं.

तुमच्या शोकसभेत एक जण म्हणाले, गुरुजींना रानातली एकूण एक अळंबी ठाऊक होती. आई पहिल्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे पाणी मागितलं.

पुढे मी शिकले. जी अळंबी सगळ्यांत वाईट असते ती दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच कळू देत नाही. तोवर उशीर झालेला असतो. म्हणजे तुमच्या तासाला काही अर्थ नव्हता. त्यानं आई वाचली नसती, आणि तुम्हीही नाही.

आता मी अकोल्यातच राहते, आई माझ्याजवळ असते. पावसाळ्यात नगरहून, संगमनेरहून लोक येतात, त्यांना घेऊन मी रानात जाते. प्रत्येकाला आधी उलटी करून पाहायला लावते. लोक म्हणतात, बाईंना अळंबी बरोबर कळते. हे तुमच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. वही घरात उघडी पडली तरी चालते. आईला वाचता येत नाही. मास्तरांच्या बायकोला.

मागच्या रविवारी वारुळाची अळंबी मिळाली. मुळ्या वीतभर लांब, कडं नाही, चुण्या पांढऱ्या. शंका घ्यायला जागा नव्हती. आईला आता नीट दिसत नाही, म्हणून निवडली मी, शिजवली मी. दोन ताटं वाढली. आईनं सवयीनं स्वतःचं पुढे ओढलं आणि खायला लागली. मला कुणी अडवलं नव्हतं. माझा हात ताटाकडे गेला नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिले.

तिनं सावकाश जेवण संपवलं, हात धुतला, भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘न्हाई झालं काय. जेव आता.’

मी ताट ओढलं. भूक लागली होती, आणि कालवण चांगलं झालं होतं.