इंद्रजितला कारखाना मिळू नये म्हणून

मी, बनाबाई हनुमंत शिळीमकर, वय ७२, मूळची गुंजवण्याची, सध्या राहणार नसरापूर, ता. भोर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना सांगून लिहवून घेत आहे. मला राग आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आजच तपासून तसा दाखला दिला आहे. आधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. भात आणि नाचणी मळायची यंत्रं बनवणारा आमचा कारखाना माझ्या पतीने उभा केला आणि हयातीतच माझ्या नावे केला. तो जागा व यंत्रसामग्रीसह माझी मुलगी प्रेरणा हिला द्यावा. मुलगा इंद्रजित याचा त्यात काडीचाही हक्क नाही. त्याचं कारभाराचं अधिकारपत्र मी आज सकाळीच रद्द केलं.

म्हातारीला भ्रम झाला होता असं मागाहून कोणी म्हणू नये, म्हणून कारण सांगते. आमची यंत्रं नेपाळला जायची. तिथल्या व्यापाऱ्याने दोघांना उचलून डोंगरावर नेता येईल असं हलकं यंत्र मागितलं. प्रेरणाने मागच्या शेडमध्ये नमुन्यावर नमुने मोडले आणि शेवटी एक चालवून दाखवला. मागणी वाढली, नवे कामगार आले. बाहेरच्या विक्रीतला नफा शेडमध्ये जायचा आणि शेडमधून पुढचं यंत्र निघायचं. पती गेल्यावर इंद्रजितने शेडला कुलूप ठोकलं, बहिणीला फाटकातून परत पाठवलं आणि तिथं परदेशातून आणलेली तयार यंत्रं भरली.

मी म्हणाले, "आरं, नेपाळवाला नवं काय हाय म्हून इचारतोय. त्याला काय दावनार?"

"आई, प्रयोगात नुसता पैसा जळतो. तुला त्यातलं कळत न्हाई."

नेपाळची मागणी दुसऱ्याकडे गेली. निम्मे कामगार घरी बसले. आणि गेल्या महिन्यात हाच इंद्रजित उद्योजकांच्या मेळाव्यात फेटा बांधून म्हणाला, "देशाचा उद्योग वाढवायचा तर निर्यात वाढवा, संशोधनावर खर्च करा!" टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. तिथंच हे मृत्युपत्र ठरलं.

२. बाहेरून आणलेल्या, न खपलेल्या यंत्रांचा सगळा ढीग इंद्रजितला द्यावा. आठवड्याच्या आत त्याने तो स्वखर्चाने उचलावा.

३. गुंजवण्याचं घर आणि भातखाचरं त्याची मुलगी शेफाली हिला. ती सज्ञान होईपर्यंत प्रेरणा सांभाळेल, बाप नाही.

४. प्रेरणा मनाने मऊ आहे. भाऊ दारात येऊन रडला की विरघळेल. म्हणून अट घालते: तिने त्याला कारखान्यात कोणतंही पद दिलं, तर कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेला जाईल. मात्र शेडमध्ये यंत्रांच्या चाचणीसाठी भाताच्या पेंढ्या उचलायचं रोजंदारीचं काम त्याने मागितलं, तर जरूर द्यावं. प्रेरणाच्या हाताखाली.

५. माझ्या शोकसभेत इंद्रजितने भाषण करू नये.

वाचून दाखवलं, बरोबर आहे. दुसरा साक्षीदार शोधत होतो, तेवढ्यात इंद्रजितची बायको सोनिया आत आली. तिने उभ्यानेच सगळं वाचलं.

"आत्याबाई, पेन द्या."

"अगं, नवरा हाय त्यो तुजा."

"व्हय. म्हणूनच."

हेही लिहून घ्यायला मी सांगितलं आहे.

सही: बनाबाई हनुमंत शिळीमकर

साक्षीदार:
१. डॉ. कुमार रखमाजी धुमाळ
२. सौ. सोनिया इंद्रजित शिळीमकर

नसरापूर, १४ नोव्हेंबर २०२५